पाटीवर तीन शब्द, पत्ता कुणाचाच नाही: तीन विभागांना मिळून एक पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य, सामाजिक न्याय आणि दिव्यांग कल्याण या तिन्ही विभागांचे मा. मंत्री व सचिव,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

एका पत्रावर तीन पत्ते घातलेत ते चुकून नाही. आजाऱ्यांना ठेवून घेणाऱ्या खासगी केंद्रांबद्दलचं हे पत्र नेमकं कुणाला लिहायचं, हेच मी गेले काही महिने शोधतेय. शेवटी ठरवलं, तिघांना एकच पाठवावं. निदान एकमेकांकडे बोट दाखवताना तिघांच्या हातात कागद तरी सारखा असेल.

माझे वडील, दादा, एसटीत कंडक्टर होते. 32 वर्षं. त्यातली निम्मी पुणे–नगर मार्गावर. 1948 साली एसटीची पहिली गाडी धावली ती याच मार्गावर, हे ते पाहुण्यांपुढे चहा येईपर्यंत सांगून मोकळे व्हायचे. गेल्या माघात एका पहाटे ते मोरीजवळ पडलेले सापडले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. ती विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणे, पण ते कधी पडले हेच आम्हाला सांगता येईना. आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, तिला सहाला जाग आली तेव्हा कळलं.

दवाखान्यात 11 दिवस काढले. जीव वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. बाराव्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, "पेशंट स्टेबल आहे, घरी न्या." नाकात नळी, लघवीला नळी, स्वतःहून कुशीवरही वळता येत नाही, असा माणूस. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी पतसंस्थेत नोकरीला. घरी न्या म्हणजे नेमकं काय करा? त्या 11 दिवसांत सात डॉक्टरांनी दादांना तपासलं. पुढे कुठे जायचं ते सांगितलं अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं. त्यानं खिशातून एक कार्ड काढून दिलं.

असे आम्ही त्या केंद्रात पोचलो. नाव सांगत नाही, कारण हे पत्र एका केंद्राविरुद्ध नाही. पुण्याच्या कडेला असे कितीतरी बंगले आहेत. खाली पार्किंगमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर, वर दोन मजल्यांवर कॉट, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. दारावर पाटी: नर्सिंग, पुनर्वसन व वृद्धसेवा केंद्र. त्या पाटीवरचे तीन शब्द जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

महिन्याला 28,000 रुपये. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. एक महिन्याचं डिपॉझिट. दादा धरून 19 पेशंट. लोकांना वाटतं हे वृद्धाश्रमच, जरा महागडे. तसं नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी सहा आठवड्यांसाठी आल्या होत्या आणि वॉकर धरून, नातवाला दम देत, आपल्या पायांनी घरी गेल्या. 26 वर्षांचा एक मुलगा होता, बाइकवरून पडून डोक्याला मार लागलेला. त्याची आई रोज बसनं येऊन त्याच्या बोटांना तेल चोळत बसायची. विसराळूपणाचा आजार झालेले एक निवृत्त प्राध्यापक रोज चार वाजता पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे, कॉलेजला उशीर होतोय म्हणून. संध्याकाळी साडेसहाला टॅबलेट कॉटकॉटवरून फिरायचा, कारण तेव्हा न्यू जर्सीत सकाळ झालेली असते. "आई, जेवलीस का?" "हो रे." ती माउली नळीनं जेवते, हे त्या कॅमेऱ्यात दिसत नाही.

तिथल्या मावशींबद्दल सांगायलाच हवं. कामगारांच्या कुठल्याही यादीत त्या मला सापडल्या नाहीत. 'मावशी' हे नाव नाही, हुद्दा आहे. बाई असेल तर मावशी, पुरुष असेल तर मामा. दादांच्या मजल्यावरच्या मावशी बीडकडच्या, आधी ऊसतोडीला जायच्या. बारा तासांची ड्यूटी, महिन्याला 14,000. पहिल्या दिवशी त्यांनी दादांना नळीनं पेज दिली तेव्हा मी बघत होते. आधी कॉटचं डोकं वर केलं, मानेखाली चादरीची गुंडाळी सरकवली, पेज मनगटावर टाकून गरम किती ते बघितलं, मग धार धरली. संपल्यावर अर्धा तास दादांना तसंच बसवून ठेवलं. मी म्हटलं, झोपवा ना त्यांना, दमलेत. मावशी म्हणाल्या, "लगेच आडवं केलं तर उलटं छातीत जातंय, ताई." हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "मागं एक आजी गेल्या तशाच. तवा सिस्टरनं सांगितलं."

मंत्रिमहोदय, प्रशिक्षण घडतंय ते असं घडतंय.

आता चांगलं झालेलं सांगते, कारण पुनर्वसन म्हणजे काय हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, हातपाय हलवतात, मालिश करतात. रोज एक फिजिओ मुलगी यायची, चोवीस-पंचवीसची असेल. आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार करणाऱ्या बाई यायच्या. एके दिवशी बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून दादांना विचारलं, "काका, हिचं नाव काय?" दादांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज फुटेना, डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी विषय तिथेच सोडला आणि मला विचारलं, काका काय काम करायचे? मी सांगितलं. मग त्या दादांकडे वळून म्हणाल्या, "बरं, पुण्याहून गाडी सुटली. पहिलं?"

"वाघोली," दादा म्हणाले.

दीड महिन्यातला पहिला शब्द. आणि मग थांबेचनात. लोणीकंद. कोरेगाव. सणसवाडी. शिक्रापूर. जीभ जड, पण क्रम बरोबर. माझं नाव येत नव्हतं आणि रांजणगाव येत होतं! बाईंनी समजावलं की आयुष्यभर घोकून अंगात मुरलेल्या गोष्टी, म्हणजे आकडे, वार, आरत्या, मेंदू वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो. बोलणं गेलेला माणूसही कधी कधी पूर्ण आरती म्हणतो. त्याच वाटेनं मागे जात जात बाकीचे शब्द हुडकायचे असतात.

फिजिओ मुलीनं ते लगेच उचललं. तिनं पॅसेजच्या भिंतीवर कागद चिकटवले. खोलीचं दार वाघोली, पाण्याचा फिल्टर लोणीकंद, जिना शिक्रापूर, आणि खालचं जेवणाचं टेबल शिरूर. दोघांनी धरून दादा चालायला लागले. थांबायचं असलं की डाव्या हातानं कॉटच्या दांडीवर एकदा टकटक, निघायचं असलं की दोनदा. सिंगल बेल, डबल बेल. सातव्या आठवड्यात गाडी शिक्रापूरला पोचली.

तिथेच बंद पडली.

दादांना ताप आला. स्पंजिंग करताना मावशींना कमरेखाली, माकडहाडावर, काळसर चकंदळ दिसलं. आठवड्यात त्याची तळहाताएवढी जखम झाली. बेडसोर. परत दवाखाना, जखम कापून साफ करणं, मग सात आठवडे फक्त कुशीवर. बसायचं नाही, उभं राहायचं नाही, चालायचं नाही. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात झपाट्यानं होते, हे मला तोवर सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्या तीन महिन्यांतला उरलेला सगळा काळ भिंतीकडे तोंड करून गेला. कागद तसेच चिकटलेले होते.

बेडसोर होऊ नये म्हणून पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. त्याचं रजिस्टर असतं. मी ते मागितलं. प्रत्येक चौकटीत खूण होती, एकही रिकामी नाही. रात्री 12, 2, 4, 6. डावी, उजवी, पाठ. पान उलटलं तर पुढच्या पानावरही खुणा होत्या. ते पान दुसऱ्या दिवसाचं होतं.

मी ओरडले, रडले, जे करायचं ते सगळं केलं. मग पतसंस्थेत बसून हिशेब मांडला, कारण तेवढंच मला येतं. रात्री 19 पेशंटला दोन माणसं. त्यातले 12 पेशंट स्वतः न वळणारे. एकाला नीट वळवायला, उशा लावायला, डायपर बघायला दोघांना मिळून 10 मिनिटं धरा. झाली 120 मिनिटं, म्हणजे बरोबर दोन तास. बाराव्याला वळवून झालं की पहिल्याची वेळ झालेली. रात्रभर कुणी पाणी मागायचं नाही, कुणाला जुलाब व्हायचे नाहीत, प्राध्यापकांनी दाराशी जायचं नाही आणि त्या दोघांपैकी कुणी लघवीलाही उठायचं नाही, तर ते रजिस्टर खरं भरता येईल. खोट्या खुणा करणाऱ्या मामांवर मी तक्रार केली नाही. मालकांवर राग होता. ते म्हणाले, "ताई, माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. अजून दोन वाढवली तर फी 35 वर जाईल. तुम्ही द्याल?" मी उत्तर दिलं नाही. दिलंच असतं तर 'नाही' असंच द्यावं लागलं असतं.

पण रात्री किती पेशंटला किती माणसं हवीत, हे ठरवणारं आणि तपासणारं कुणीतरी असेलच ना? तेवढंच विचारायला मी निघाले.

पहिल्या खिडकीवर कळलं, ते नर्सिंग होम नव्हे. तिथं ऑपरेशन होत नाही, पूर्णवेळ डॉक्टर नाही. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, ते वृद्धाश्रम नव्हे. तिथं नर्स आहे, नळ्या आहेत, हा आरोग्याचा विषय. तिसऱ्या खिडकीवर विचारलं, पेशंटचं दिव्यांग प्रमाणपत्र आहे का? अजून सुधारणा व्हायची आहे, तेव्हा ते आताच मिळायचं नाही. मग तोवर आमचा विषय नाही. कुणी उर्मटपणे बोललं नाही, एकानं तर पंख्याखाली बसवून चहा पाजला. पाटीवरचे तीन शब्द आठवा: नर्सिंग, पुनर्वसन, वृद्धसेवा. प्रत्येक खिडकीनं उरलेल्या दोन शब्दांकडे बोट दाखवलं.

म्हणून कायदे स्वतःच वाचून काढले. महाराष्ट्र शुश्रूषागृह, म्हणजे नर्सिंग होम, नोंदणी कायदा 1949 चा आहे. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमी माणसांच्या बरोबरीनं दुर्बलता आलेली माणसंही आहेत. अशांना ठेवून घेऊन जिथं उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह. 1949 साली कुणीतरी हा शब्द विचार करून घातला असणार. दादा आजारी नव्हते म्हणायचे की जखमी नव्हते, की दुर्बल नव्हते? 2021 मध्ये याच कायद्याच्या नियमांत दुरुस्ती करून तुम्ही रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलंत. चांगलं केलंत. पण केंद्राला आपण त्या नियमांत बसतो असं वाटतच नसेल, तर ती सनद लावायची कुणी?

ज्येष्ठ नागरिकांचा कायदा 2007 चा. त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खासगी सेवागृहांची नोंदणी त्यात नव्हती. ती आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. स्थायी समितीकडे गेलं, आलं, आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर स्पष्ट म्हणतो की दिव्यांग व्यक्तींना ठेवून घेणाऱ्या, त्यांची काळजी आणि पुनर्वसन करणाऱ्या संस्थेला नोंदणीशिवाय चालता येणार नाही. म्हणजे तीन कायद्यांपैकी दोघांत आम्ही बसतो आणि तिसऱ्यात बसता बसता राहिलो. तरी दादांची कूस बदलली का, हे विचारणारं सरकारी माणूस त्या बंगल्याची पायरी कधी चढलेलं नाही.

विम्याचं थोडक्यात सांगते, तो विषय केंद्र सरकारचा आहे हे मला माहीत आहे. दवाखान्याचं बिल विम्यानं दिलं. केंद्राचं मागितलं तर वगळलेल्या गोष्टींच्या यादीतला क्रमांक 05 दाखवला: विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती काळजी. खाली बारीक अक्षरांत खुलासा की आंघोळ घालणं, कपडे घालणं, चालायला मदत करणं यांचा खर्च मिळणार नाही. सगळ्या कंपन्यांना हे कलम सारखंच. शासनाच्या जनआरोग्य योजनेतलं 5 लाखांचं कवचही रुग्णालयात घ्यायच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. दादांना तर आता नेमकं आंघोळ, कपडे आणि चालणं एवढंच हवं होतं.

आता तुम्ही काय करावं, असं म्हणते ते.

पहिलं, धाड घालू नका. हे पत्र वाचून कुणाला तरी वाटेल की विनानोंदणीची केंद्रं शोधून टाळं ठोकावं. बातमी छान होईल. पण त्या रात्री 19 कॉट कुठे हलवणार? न्यू जर्सीला? ही केंद्रं आहेत म्हणून दवाखान्यातल्या कॉट रिकाम्या होतात आणि माझ्यासारख्या बायकांच्या नोकऱ्या टिकतात. ती बंद नकोत, कुणाच्या तरी नजरेखाली हवीत. मुदत द्या, नोंदणी करून घ्या, आणि रात्रीच्या माणसांचं प्रमाण पेशंट किती जड आहेत यावर ठरवा, कॉट किती यावर नको. वळवायला लागणारे 12 आणि वॉकरवर चालणारे 12 यांना एकच मोजमाप लावलं तर पुन्हा रजिस्टरच भरलं जाईल. तपासायला येणाऱ्यानं रजिस्टर बघू नये, पाठ बघावी. रात्री दोन वाजता.

दुसरं, दवाखाना आणि घर यांच्या मधला थांबा सरकारनंही चालवावा. ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत 10 खाटांचा वृद्धोपचार कक्ष आणि फिजिओथेरपी धरलेली आहे. त्या 10 खाटांवर पक्षाघाताच्या, खुब्याच्या पेशंटला पहिले सहा-आठ आठवडे ठेवता आलं तर नातेवाइकांना कार्डं वाटणाऱ्या ड्रायव्हरवर अवलंबून राहावं लागणार नाही. ज्ञान इथंच आहे. हाजी अलीची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. खडकीला मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं केंद्र आहे. व्हीलचेअरवरची माणसं काय काय करू शकतात ते तिथं जाऊन बघा. केरळनं 2008 मध्ये परिहार सेवेचं, म्हणजे दीर्घ आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर) धोरण आणलं आणि पंचायतींना त्यात जुंपलं. तिथं नर्स घरी येऊन जखम बघते. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख असते, तेवढीच.

आणि मावशी. त्यांना चार महिन्यांच्या कोर्सला पाठवा म्हणणं सोपं आहे. चार महिने घर कोण चालवणार? शिकवणाऱ्यालाच केंद्रात पाठवा, ड्यूटीच्या तासांत, पगार न कापता. नळी, कूस, लुळा हात धरून उचलायचं नाही, गिळताना ठसका लागला तर काय, एवढं जरी नीट शिकवलं आणि त्याचा कागद हातात दिला, तरी दुसऱ्या केंद्रात हजार रुपये जास्त मागायला त्यांच्याकडे काहीतरी असेल. आमच्या मावशी गेल्या महिन्यात सोडून गेल्या. हजार रुपयांसाठीच. जाताना दादांना म्हणाल्या, "मास्तर, डबल बेल मारा." कंडक्टरला मास्तर म्हणतात, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे.

दादा आता घरी आहेत. तळमजल्यावरची भाड्याची खोली घेतली. चौपायी काठीनं खोलीतल्या खोलीत चालतात. माझं नाव येतं, कधी कधी आईच्या नावानं मला हाक मारतात, चालतं. शिरूर मात्र राहिलं. ते जेवणाचं टेबल त्या बंगल्यातच राहिलं, म्हणून असेल.

परवा डिपॉझिट परत घ्यायला केंद्रात गेले होते. मालकांना म्हटलं, फीच्या बोर्डाशेजारी तक्रारीसाठी एक फोन नंबर लिहा. ज्येष्ठांसाठी 14567 हेल्पलाइन आहे, पण 26 वर्षांच्या त्या मुलाच्या आईनं तिथं काय सांगायचं? हवा तो नंबर असा की ज्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस रात्री येऊन दार वाजवू शकेल. मालक थोडं घुटमळले आणि मग हो म्हणाले. रंगाऱ्याचे पैसे मी देते म्हणून सांगून आलेय.

नंबर कुणाचा लिहायचा, तेवढं तुम्ही तिघांनी बसून ठरवा आणि कळवा.

आपली,
एका निवृत्त कंडक्टरची मुलगी
पुणे